गाडीतले बिनचेहऱ्याचे फोटो

दिल्लीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत कायम कोणी ना कोणी बसलेलं असायचं. संघटनेचा कार्यकर्ता, नोकरी गेलेला कामगार, नाहीतर पत्रकांचे गठ्ठे न्यायला आलेलं कोणीतरी. बाबा विमा कंपनीत कारकून, आई सरकारी शाळेत शिक्षिका. उरलेला सगळा वेळ चळवळीचा. मी वाचायला शिकले तेही पत्रकांवरच. आम्ही तिघंच असे असायचो ते फक्त गाडीत. भांडणं गाडीत व्हायची, माझे निकाल गाडीत सांगितले जायचे, आजी गेल्याचा फोनही गाडीतच आला. बाहेर हिंदी, घरी येणाऱ्यांशी हिंदी. सलग मराठीसुद्धा आम्ही गाडीतच बोललो.

म्हणून नोकरी लागल्यावर मी ठरवलं, या फेऱ्यांचे फोटो काढायचे. सहलींचे नाही. सहलीला आम्ही कधी गेलोच नाही. साध्या जाण्यायेण्याचे: आईच्या दातांच्या डॉक्टरकडे, करोल बागेत गाडीचा फुटका आरसा बदलायला, आणि महिन्यातून एकदा शहराबाहेर मानेसरला, कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटायला. रोज घडणाऱ्या गोष्टीचा फोटो कोणी काढत नाही, आणि ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असं नंतर कोणालाही म्हणता येतं. कामगारांच्या बाबतीत हे मी लहानपणापासून ऐकत आले. घरालाही तेच लागू आहे, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

गेल्या हिवाळ्यात गाडीला पंधरा वर्षं होत आली. पेट्रोलची गाडी त्यानंतर दिल्लीत चालवता येत नाही. भंगारात द्यायची किंवा लांब कुठेतरी विकायची. बाबा चिडले. "दर तीन वर्षांनी गाडी बदलणारा स्वच्छ, आणि एकच गाडी जपणारा प्रदूषण करणारा?" त्यांचं म्हणणं मला पटत होतं. पण हवेवरचं पत्रक मीच लिहिलं होतं, आणि शेजारच्या मुलीला रोज वाफ घेऊन शाळेत जाताना मीच बघत होते.

"लांब विकू," बाबा म्हणाले.

"म्हणजे आपला धूर दुसऱ्याच्या गावात. तिथे माणसं राहत नाहीत का?"

भंगार ठरलं.

गाडी जाणार म्हणून मी निवडक फोटो छापून आणले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. आईने चष्मा लावून एकेक फोटो सावकाश पाहिला.

"हा तुझ्या बाबांचा कान," ती म्हणाली. "हाही कानच. ही माझी पिशवी. हा माझा हात, शेंगा सोलतेय. पण आम्ही कुठे आहोत?"

"आहोत की," बाबा म्हणाले. "हा बघ, गिअरवर मी."

"आता तुला गिअरवरून ओळखायचं का मी?" चळवळीत भेटलेले असल्यामुळे ते दोघं पहिल्यापासून एकमेकांना 'तू'च म्हणतात.

मी सगळे फोटो पुन्हा पाहिले. खरंच, एकातही चेहरा नव्हता.

गेटवर फोटो काढायला मला बाबांनीच शिकवलं होतं. पहिला नियम, चेहरा घ्यायचा नाही. हात घे, पाठ घे, पत्रक घे. फोटो मॅनेजमेंटच्या हाती लागला तर माणसाची नोकरी जाते. शाळेत असल्यापासून मी तसेच फोटो काढत आले. गेटवरून परत गाडीत बसले तरी हात त्याच वळणाने चालायचा, मोबाइल आपोआप खाली झुकायचा. नियम बरोबर होता. फक्त माझ्या आईबाबांना कोणी कामावरून काढणार नव्हतं.

"गाडी जायच्या आधी मला एक फोटो हवा," आई म्हणाली. "आम्ही दोघं. तोंडासकट."

"कशाला? व्यक्तिपूजा नुसती," बाबा म्हणाले.

त्यांच्या लग्नाचाही फोटो नाही. नोंदणी करून दोघं तडक सभेला गेले, आणि सभेच्या फोटोत ते मोठ्या फलकाच्या मागे उभे आहेत. बाबा ही गोष्ट अभिमानाने सांगतात. आई ती कधीच सांगत नाही, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं.

भंगार केंद्र मानेसरच्या पुढे होतं, म्हणजे शेवटची फेरीही त्याच रस्त्याने. बाबा चालवत होते, आई शेजारी, मी मागे. कारखान्याचं गेट आल्यावर बाबांनी वेग कमी केला. शिफ्ट सुटली होती, कंपनीच्या बस भरत होत्या.

"डिकीत गठ्ठा आहे का?"

"डिकी काल रिकामी केली, बाबा."

"अच्छा," म्हणून त्यांनी वेग वाढवला.

केंद्राच्या फाटकापाशी रांग होती. "उतर आणि काढ," आई मला म्हणाली. मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले. खिडक्या उघड्या होत्या. बाबांनी मान फिरवून बाहेर पाहायला सुरुवात केली.

"इकडे बघ," आई म्हणाली.

"रांग पुढे सरकेल."

"सरकू दे. गेटवरच्या मुलांना नोकरीची भीती असते. तू रिटायर झालास. तुला आता कोण काढणार?"

"तू."

"ते राहूनच गेलं. इकडे बघ."

माझ्या हातातला मोबाइल सवयीने झुकला होता. काचेआडून आई बोटाने दाखवत होती: वर, अजून वर. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. मी फोटो काढला.

गाडी देऊन, सह्या करून आम्ही मेट्रोकडे जाणाऱ्या शेअर ऑटोत बसलो. समोर शिफ्ट संपवून निघालेले कामगार, गुडघ्याला गुडघे लागलेले. बाबांनी हात पुढे केला. "दाखव."

काचेवर विजेच्या तारांची सावली पडली होती. आई सरळ समोर बघत होती. बाबा तिच्याकडे वळलेले, तोंड अर्धवट उघडं, बहुतेक अजून वाद घालत होते. पण चेहरे होते, दोघांचेही.

"हा कुठे टाकू नकोस."

"नाही टाकणार."

"आईला पाठव."

मी पाठवला. आईच्या पर्समध्ये मोबाइल वाजला, पण तिने तो काढला नाही. ती रस्त्याकडे बघत राहिली. पुढचा चौक गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "मलाही पाठव. तिचा एकही नाहीये माझ्याकडे."