धरून ठेवलेली पुस्तकं

काल स्टेशनरीच्या दुकानात खाकी कव्हरांचा गठ्ठा फोडला आणि त्या वासासरशी मी लातूरच्या आमच्या जुन्या गल्लीत पोचले. तिथं वरच्या वर्गातल्या मुलांची पुस्तकं आम्ही संक्रांतीलाच सांगून धरून ठेवायचो आणि निकाल लागला की अर्ध्या किमतीत घ्यायचो. माझ्या लेकीसाठी मी शेजारच्या सुनंदाच्या ज्योतीची नववीची पुस्तकं धरली होती.

निकालाच्या दिवशी पिशवी घेऊन गेले, तर ज्योती नापास झालेली. दाराआड रडत बसली होती.

"वैनी, आता पुस्तकं तिलाच लागतील," सुनंदा म्हणाली.

"मग मी ऐन वेळी कुठं हुडकू? तुझ्या भरवशावर राहिले ना!" पोरीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले.

ज्योती उठली. सगळा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. "घेऊन जा काकू. मला न्हाई जायचं आता शाळेत."

सुनंदा माझ्याकडं बघत राहिली. 'ठेव गं, परत बस परीक्षेला,' एवढं मी म्हणायला हवं होतं. मी गठ्ठा चाळला. भूगोल दिसला नाही, तो मागून घेतला.

ज्योती पुन्हा शाळेत गेली नाही. त्या दिवशी मी मात्र काम झालं म्हणून खुशीत घरी आले.