रोही हाकलायले रेसचं इंजिन

निजामनं साखरखेर्ड्यातल्या आपल्या पत्र्याच्या गॅरेजात रेसच्या गाडीचं इंजिन बनवलं. अख्खं! भंगारातून सिलिंडरचं हेड आणून सोता घासलं, पिस्टन ओतून घेतले, आन् वर रंगानं लिवलं, ‘निजाम मोटर्स’. मी तुळशीराम, शेजारचा वेल्डिंगवाला. धुराचा पाइप माह्या हातचा, म्हणून माहा बी जीव त्याच्यात.

नाशिकच्या एका रेसवाल्यानं शब्द देला होता. दिवाळीनंतर येतो, इंजिन पाहतो, जमलं तं तुले बी माह्या गॅरेजात नेतो. निजामले दुसरं काही नोको होतं. फवारणीचे पंप खोलू खोलू पोरगा पार कावला होता.

पह्यल्यांदा इंजिन सुरू केलं, तं काय आवाज बाप्पा! कपाशीत घुसलेला रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप शेपट्या वर करून पयाला. त्या साली महागाचं बीटी बियाणं पेरूनबी बोंडअळी पडली होती, आन् उरलेलं हे रोही तुडवत. दुसऱ्याच दिवशी लगतच्या वावरातली सोजराबाई आली.

“बेटा, रोज सांजच्याले इंजिन लाव नं थोडा येळ. तुह्याबिगर आमाले कोण हाय?”

निजाम हो म्हणून बसला. मंग सारं गाव येऊ लागलं. कोणी पेट्रोलची बाटली आणे, कोणी भाकर. नाही म्हणायले जागाच ठेवली नाही लेकायनं!

मी त्याच्यावर खेकसलो, “काऊन लावतं बे रोज? रेसचं इंजिन हाय, असं एका जागी उभ्यानं रेटलं तं मरून जाईन!”

“मालूम हाय भाऊ. पण सोजरामावशीले काय सांगू? तिची कपाशी रोही डोयासमोर खाऊन राह्यले.”

नाशिकवाला आला. निजामनं ईदचा शर्ट घातला होता. इंजिन सुरू झालं आन् निळा धूर निघाला, आतून ठकठक. माणसानं कान देला, हात पुसले. “पिस्टनच्या रिंगा गेल्या, बेअरिंग गेलं. कशासाठी चालवलं एवढं?” निजामनं इंजिन बंद केलं. त्याची गाडी आली तशी नाशिकच्या रस्त्याले लागली. मले रडूच आलं.

लोकायले मात्र आनंद झाला, खरा आनंद. सोजराबाईनं निजामच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. “बरं झालं बाप्पा, इथंच राह्यला तू. आमच्यातच राह्य आता.”

दिवस कलला होता. वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, रोही उभे होते. निजामनं ईदचा शर्ट काढून खुंटीले टांगला आन् इंजिन सुरू केलं.