दीडशे माणसांचे आयते

टेकचंदला पंचफुलाबाईबद्दल खरं तर फार थोडं माहीत होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. तुमसरच्या बाजारामागच्या गल्लीत त्याची पिठाची चक्की. तिथं ती सव्वीस वर्षं येत होती, पण त्यानं तिला पाहिलं ते डब्यामागे उभी असलेली बाई म्हणून. माहेर सानगडीचं, भातशेतीचं घर, हे ठाऊक होतं. नवरा सायमन कंपाउंडर होता आणि बऱ्याच वर्षांपूर्वी वारला, हेही. तिला कशाचं हसू येई, कशानं झोप उडे, असं विचाराल तर टेकचंद मान खाली घालील. पण तिच्या आयुष्यातली एक सकाळ त्यानं जवळून पाहिली, आणि ती सांगायला दुसरं कोणी पुढं येईना.

दर नाताळाच्या आधी दोन दिवस ती दोन-अडीच किलो तांदूळ दळायला आणी. "आयत्यासाठी," एवढंच म्हणे. आयते म्हणजे तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी. पीठ पाण्यात सैल कालवायचं, तापल्या तव्यावर कडेकडेनं ओतत आणायचं, की जाळीदार पातळ आयता सुटतो. चर्चमागच्या वस्तीत नाताळच्या सकाळी घरोघरी वेगळी न्याहारी. कोणाकडे केक-चहा, कोणाकडे करंज्या नि शेव, ज्यांची पोरं नागपूरला शिकून आली त्यांच्याकडे ब्रेड-आमलेट. पंचफुलाबाईकडे मात्र आयते नि कोंबडीचा रस्सा. सासरी आली त्या पहिल्या नाताळात तिनं ते केले, आणि सासूनं नाक मुरडत मुरडत पाच खाल्ले, असं म्हणतात.

हे म्हणणारी कुंताबाई. ती चर्चच्या फाटकाशी भाजी विकायची, आणि वस्तीतली कोणतीही गोष्ट तिच्या टोपलीवरून गेल्याशिवाय पुढं जात नसे. तीन वर्षांमागच्या डिसेंबरात तिनंच टेकचंदला बातमी दिली. प्रार्थनेनंतरची सगळ्यांची न्याहारी यंदा केटररकडून मागवायची, असं चर्चच्या कमिटीत ठरत होतं. कटलेट, ब्रेड, केक. पंचफुलाबाई उठून म्हणाली, "आयते करू. मी करतो." कमिटीचा सेक्रेटरी अमर, भंडाऱ्याच्या बँकेत नोकरीला. पोरगा भला, पण जीभ तिखट.

"काकू, आयता एकेक काढा लागते," तो म्हणाला. "शेवटच्या माणसाले न्याहारी भेटंपर्यंत पुढचा नाताळ येऊन जाईल."

सगळे हसले. तीही हसली म्हणे, आणि मग म्हणाली, "आठले प्रार्थना सुटते. दहाच्या आत दीडशे माणूस गरम आयते खाऊन उठला नाई, तर आयत्याचं नाव पुन्हा या कमिटीत काढणार नाई. अन माह्या घरचेही लोक केटररचं कटलेट खातील."

"लिहून घ्या," अमर म्हणाला. आणि खरंच लिहून घेतलं.

तेवीस तारखेला सकाळी अकराला ती चक्कीवर आली. ऑटोत वीस किलोचं पोतं. पवनीकडच्या एका शेतकऱ्यानं चर्चला दान दिलेला तांदूळ, खास जुना मागितलेला. टेकचंदनं पोतं सोडलं, दोन पायल्या ओतल्या, चक्की सुरू केली. थोड्याच वेळात दगडाचा आवाज जड झाला. कापडी नळीतून पीठ सरसर पडेना, लोळागोळा होऊन पडू लागलं. त्यानं चिमूटभर पीठ बोटांत दाबलं. ते बोटाला चिकटून राहिलं.

नवा तांदूळ. यंदाचा, महिन्याभरापूर्वी कापलेला. शेतकऱ्याच्या घरात कोणीतरी चुकीचं पोतं उचललं होतं.

आता टेकचंदचा स्वभाव असा, की गिऱ्हाईकाच्या गव्हात खडे निघाले तरी तो बोलत नसे. निमूट वेचायचा. आपलं काय जातं, आपण दळणारे. पंचफुलाबाई बाकावर बसून बोटांवर तव्यांचा हिशेब करत होती. नव्या तांदळाच्या पिठाचा आयता तव्यावरून सुटत नाही, लगदा होतो, हे भाताच्या मुलखात शेंबड्या पोरालाही कळतं. नाताळच्या सकाळी ते नऊ तव्यांवर कळलं असतं, दीडशे माणसांसमोर. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा चक्कीकडे. मग बटण दाबून चक्की बंद केली. एवढ्या शांततेत त्याला स्वतःचाच आवाज मोठा वाटला.

"बाई, हा तांदूळ नवा हाय."

ती उठली. पीठ तळहातावर घेतलं, दाबलं, वास घेतला.

"मी दाणा पाहिलाच नाई," ती म्हणाली. "भात लावणाऱ्याची पोरगी मी, अन पोत्यावरच्या नावावर इसवास ठेवला."

"निम्मा जुना मिसळला तर निभते," टेकचंद म्हणाला. त्या दिवशी त्याला काय झालं होतं कोण जाणे, तो बोलतच गेला. "पण दुकानातला नका घेऊ. तिथं जुना म्हणून देतात तो स्टीमचा, वाफवलेला. त्याचे आयते रबर होतात."

"मंग दहा किलो जुना आणू कोठून? साऱ्या तुमसरात नवाच तांदूळ भरून राहिला."

ते खरं होतं. गिरण्या रात्रंदिवस नव्या धानावर चाललेल्या. अशात मागून त्याची बायको रुखमा आली. घर चक्कीला लागूनच, आणि भिंत पातळ. तिच्या हातात पितळी डबा होता.

"नातवाच्या पेजेसाठी ठेवला होता," ती म्हणाली. "दीड किलो असन. पोट्टं आता पोळ्या खाते."

पंचफुलाबाईनं डब्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. जुना तांदूळ बाजारात नव्हता, पण घराघरात होता. लहान लेकरासाठी, आजाऱ्यासाठी, कोणाच्या म्हाताऱ्या सासऱ्यासाठी, प्रत्येक घरात डब्याच्या तळाशी. तिनं पदर खोचला आणि पिशवी घेऊन निघाली. टेकचंदनं पाहिलं, ती पहिल्याच दारात उभी राहून म्हणत होती, "वाटीभर जुना तांदूळ द्या. आयते खायले या अन वसूल करा."

बातमी कळताच कुंताबाईनं भाजीची टोपली शेजारणीला सोपवली आणि दुसऱ्या गल्लीत शिरली. तिथल्या निम्म्या लोकांना नाताळ कोणत्या तारखेला असतो हे ठाऊक नव्हतं, पण कुंताबाईला नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. चार वाजता दोघी परत आल्या. टेकचंदनं तांदूळ काट्यावर टाकला. अकरा किलो. कोणाचा बारीक, कोणाचा जाड, कोणाचा थोडा पिवळसर. त्यानं तो तेवढ्याच नव्यात सारखा कालवला, चक्कीचे दगड घासूनपुसून घेतले आणि दळायला घेतलं. पीठ सरसर पडू लागलं.

पंचवीस तारखेला टेकचंद पहिल्यांदा चर्चच्या आवारात शिरला. आत जावं की नाही, या विचारात तो फाटकाशी तीनदा पुढं-मागं झाला. रुखमानं हाताला धरून आत नेलं.

आवारात विटांच्या नऊ चुली मांडल्या होत्या, नऊ लोखंडी तवे, प्रत्येक तव्याशी एक बाई. मधे पंचफुलाबाई, पांढरी साडी, हातात पळी. सव्वाआठला तिनं पहिला आयता घातला. तो फाटला. दुसरा कडेनं चिकटला. रांगेत उभा असलेला अमर घड्याळ पाहू लागला. टेकचंद तव्याच्या जवळ सरकला, दळण त्याचं होतं.

"पहिले दोन तव्याचे असतात," पंचफुलाबाई कोणाकडेही न पाहता म्हणाली. तिनं पिठात तांब्याभर पाणी ओतलं, तव्यावर तेलाचा बोळा फिरवला आणि पुन्हा पीठ सोडलं. चर्र आवाज झाला, जाळी पडली, आणि उलथणं लावायच्या आधीच आयता कडेनं वर सुटला. तिनं तो दोन बोटांनी धरून झाडावरचं पान तोडावं तसा काढला.

"चला," ती म्हणाली.

मग नऊ तवे एकदम सुरू झाले. मोठ्यांना कोंबडीचा रस्सा, लहानांना गूळ नि तूप. रांग पुढं सरकू लागली, बसू लागली, उठू लागली. तांदूळ दिलेले गल्लीतले लोकही आले. कुंताबाई पत्रावळ पुढं करून म्हणाली, "काय वं पंचफुला, यात माहा तांदूळ कोणता?"

"सगळ्यात हाय थोडा थोडा. सगळे खा लागन."

अमरनं पहिले तीन उभ्यानं खाल्ले, पुढचे चार बसून. सातव्याला रस्सा संपला म्हणून त्यानं गूळ मागितला. वाढणारी म्हणाली, "गूळ लेकरांसाठी हाय, सेक्रेटरीसाहेब." सगळी पंगत हसली, आणि अमर सगळ्यांत मोठ्यानं. नऊ पन्नासला शेवटची पत्रावळ उठली. मोजल्या तेव्हा एकशे बहात्तर भरल्या. पिठाच्या पातेल्यात पळीभरही उरलं नव्हतं. केक मग अकराला कापला गेला, आणि लोकांनी पोटात जागा नाही म्हणून बोटाएवढेच तुकडे घेतले.

अमरनं कमिटीची वही आणवली. आधीच्या ओळीखाली त्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचत लिहिलं, "पुढच्या सालापासून न्याहारी आयत्याची. प्रमुख, पंचफुलाकाकू." बायका चुलींजवळून टाळ्या वाजवू लागल्या. पंचफुलाबाईच्या हाताला दोन ठिकाणी पोळलं होतं, कपाळाला पीठ लागलं होतं, आणि ती एखादी निवडणूक जिंकल्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी होती.

पुढचा नाताळ तिनं पाहिला नाही. फेब्रुवारीत ती दोन दिवसांच्या तापात गेली. वस्तीतल्या बायका आजही नाताळला नऊ तवे मांडतात आणि दहाच्या आत पंगत उठवतात. पण टेकचंदची नि तिची भेट त्या नाताळची शेवटचीच, पुढं तिचं दळण दुसऱ्या कोणाच्या हाती येई. त्या सकाळी तो निघाला, तेव्हा ती फाटकापर्यंत आली.

"टेकचंदभाऊ, उद्या चक्की चालू राहीन काय?"

"लाईट राहिली तर."

"मंग गहू पाठवतो. पोळ्यांचं पीठही सरलं."

"पाठवा," तो म्हणाला. "दुपारच्या आत पाठवा."