नानीनं बांधलेला बोजा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. आईपाशी नाही, हॉस्टेलवरच्या कुणापाशी नाही. तुम्हाला का सांगतोय तेही नीट कळत नाही — कदाचित तुम्ही आमच्यातले नाही म्हणून. तुमची नजर बदलली तरी मला ती दिसणार नाही म्हणून. याआधी तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा मोटारसायकलच्या स्प्रिंगबद्दल लिहून उठलो. तर आधी तेच सांगतो. ते सोपं आहे.

मोटारसायकलच्या मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन शॉकअप असतात. स्प्रिंगच्या बुडाशी एक रिंग असते, तिला पायऱ्यांसारख्या पाच खाचा. आकड्यासारख्या वाकड्या पान्यानं ती फिरवायची. पहिल्या खाचेवर स्प्रिंग मऊ, पाचवीवर ताठ. गाडीवर बसणारा हलका असेल तर मऊ ठेवायची, नाहीतर प्रत्येक खड्डा कण्यात बसतो. मागं बोजा असेल तर ताठ. नाहीतर गाडी बुडावर बसते, पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल ऐकत नाही. एवढंच. कुणालाही कळेल. मला तर फारच चांगलं कळत होतं.

मी सांगलीत, विश्रामबागच्या एका कॉलेजात मेकॅनिकलला आहे, शेवटच्या वर्षाला. हे घडलं तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो. घर कवठे महांकाळच्या बाजूला. दहावीच्या पुढं गेलेला आमच्या घरातला मी पहिला. हॉस्टेलवर मी फारसा बोलायचो नाही, पण पोरांच्या गाड्या बसवून द्यायचो. ज्याची गाडी त्यालाच वर बसवायचं, सीट किती दबते ते टेपनं मोजायचं, मग पाना फिरवायचा. तेवढा वेळ मी कुणीतरी असायचो. कळतंय ना, काय म्हणतोय ते?

आता नाना आणि नानी. माझे चुलते-चुलती. आमच्या घरात मेंढरं त्यांनीच राखली. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचं, साताऱ्याच्या बाजूला बागायतदारांच्या रानात बसवायची. लेंड्यांचं खत त्यांना, चारा आम्हाला. दोन-तीन दिवसांनी तळ हलतो. पूर्वी बिऱ्हाड घोड्यावर जायचं, आता नानांच्या मोटारसायकलवर जातं — मेंढरांना कोंडायची वाघराची जाळी, भांडी, पाण्याचे कॅन, पिशवीत चालता न येणारी कोकरं. आणि बोजा बांधायचा तो बाईनं. घोड्याच्या काळापासून तसंच. नानी गुडघा लावून दोरी ओढायची आणि दोन्ही अंगांचं वजन तळहातानं उचलून बघायची. आमच्याकडं नव्या सुनेला लोक विचारायचे, बोजा कुणाकडून शिकलीस? नानीकडून म्हटलं की पुढं विचारत नसत.

सेमिस्टर संपल्यावर मी तळावर गेलो होतो. सातारा आणि वाईच्या मधल्या एका गावात, ऊस तुटलेल्या रानात तळ होता. वाईत माझा वर्गमित्र राहतो. त्याला भेटायला नानांची गाडी मागितली. नाना म्हणाले, "न्हे की, इंजिनेर. पर तिला पाना लावू नगंस. बोजासाठी बसवलीया ती."

मी पाना लावला. मित्राच्या अंगणात, त्याच्या घरच्यांसमोर. माझं वजन बावन्न किलो, आणि पाचव्या खाचेवरच्या त्या गाडीनं वाईपर्यंत मला उडवत नेलं होतं. मी टेप काढली, मित्राला मोजायला लावलं, दोन्ही बाजू पहिल्या खाचेवर आणल्या. मित्राचे वडील म्हणाले, पोरगा हुशार आहे. परत येताना गाडी इतकी मऊ चालत होती की गाणं म्हणत आलो. पाना मित्रानं मलाच ठेवायला दिला होता. तो खिशात होता. पोचल्यावर नानांनी विचारलं, "काय केलं न्हाईस न्हवं?" मी म्हणालो, "न्हाई नाना." सकाळी उठून फिरवून ठेवू, असं मनात होतं. दोन मिनिटांचं काम.

इथं थांबावंसं वाटतंय. इथंच थांबलो असतो तर ही विसरभोळेपणाची गोष्ट झाली असती. पण मी विसरलो नव्हतो.

सकाळी रानाच्या मालकिणीनं मला घरी बोलावलं. त्यांच्या मुलाचा कॉलेजचा फॉर्म मोबाईलवर भरायचा होता. मला खुर्ची दिली, बशीत चिवडा दिला. मालकीण शेजारणीला सांगत होती, "धनगराचा हाय, पर इंजिनेरिंगला हाय." त्यातलं 'पर' मला लागलं, तरीही मी सुखावलो. सोप्यातून खाली रान दिसत होतं. नानीचं बांधून झालं होतं. नानांनी गाडी सुरू केली, आणि बोजाखाली गाडी बुडावर बसली. इतकी बसली की चाक मडगार्डला टेकतंय की काय असं मला तिथून वाटलं. शंभर पावलं असतील. ओरडलो असतो तर ऐकू गेलं असतं. खिशात पाना होता. उठून काय म्हणणार होतो — मी काल खोटं बोललो? या सगळ्यांसमोर? मी फॉर्ममधला पुढचा रकाना भरला.

कालव्याच्या मोरीवर गाडी आपटली आणि हँडल फिरलं. नाना खाली, गाडी त्यांच्या पायावर, बोजा एका अंगाला कललेला. एक कोकरू जागीच गेलं. नानांचा गुडघा असा मोडला होता की साताऱ्याच्या दवाखान्यात आत स्टीलची पट्टी घातली, तरी पाय परत पुरता वाकला नाही. मेंढरामागं चालणाऱ्या माणसाचा पाय.

पण मला जे सांगायचंय ते हेही नाही.

मी पळत मोरीवर पोचलो. नानांना जीपमध्ये घालताना ते कळवळत नानीवर ओरडत होते, "एका अंगाला बांधलास गं बोजा!" जीप गेली. मागं नानी, चुलतभाऊ बिरू, मी आणि रानातली चार माणसं राहिली. नानी रडत नव्हती. ती पडलेल्या गाडीपाशी बसली आणि दोरी चाचपायला लागली. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "गाठ तर हाय तशीच हाय रं." बिरू म्हणाला, "तू शिकल्याला हायस. तू सांग, कशानं पडली गाडी?"

सगळे माझ्याकडं बघत होते. इतक्या माणसांनी एखादी गोष्ट खरी की खोटी हे मला विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. मी वाकून गाडी बघितली. रिंग पहिल्या खाचेवर. आणि मी म्हणालो — हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात — "गाठ सुटायलाच पायजे असं न्हाई नानी. गाठ तशीच राहती, आतलं वजन सरकतं. बोजा एका अंगाला गेला."

तिनं माझ्याशी वाद घातला नाही. ज्या हातांनी तीस वर्षं वजन अचूक तोललं, त्या हातांवर तिनं माझ्या एका वाक्यावरून अविश्वास दाखवला. म्हणाली, "मग माझंच चुकलं आसंल." बिरू बोजा उतरवायला लागला, आणि मी 'गाडी तपासतो' म्हणून मागं बसलो आणि पाना काढून दोन्ही रिंगा पाचव्या खाचेवर नेल्या. कुणी विचारलंसुद्धा नाही, काय करतोस. शिकलेला माणूस काहीतरी दुरुस्त करत असणार.

पुढच्या सेमिस्टरला तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, मऊ स्प्रिंगवर जादा वजन टाकलं तर काय होतं? मी न अडखळता उत्तर दिलं. सर म्हणाले, छान, डोळ्यांसमोर बघितल्यासारखं सांगतोस.

नाना आता घरीच असतात. मेंढरं निम्मी राहिली, ती बिरू आणि नानी राखतात. त्यानंतर नानीनं बोजा बांधला नाही, बिरू बांधायचा. मागच्या वर्षी त्याचं लग्न झालं. या वर्षी निघायच्या दिवशी मी गावात होतो. अंगणात गाडी उभी केली आणि हँडल धरायला मला सांगितलं. बिरूच्या बायकोनं, रूपानं, दोरीचं टोक नानीपुढं केलं, "आत्या, दावा की मला कसं बांधायचं." तिच्या माहेरी मेंढरं नाहीत. तिला कुणाकडून तरी शिकायचंच होतं.

नानी मागं सरली. "माझ्याकडनं नगं शिकू बाई."

रूपानं आपल्या मनानं दोरी टाकली. पायरीवर काठी घेऊन बसलेले नाना ओरडले, "घट वढ गं पोरी! सासूसारखं करू नगंस, न्हाईतर नवऱ्याला बी माझ्याशेजारी पायरीवर आणून बसवशील!" अंगणातले सगळे हसले. पदर तोंडाला लावून नानीही हसली.

मीही हसलो.