बाबांनी अडवलेला गोल

जळगाव जामोदच्या मैदानावर, फायनलच्या दिवशी, मॅच संपता संपता माझ्या वडिलांनी एक गोल अडवला. ते आमच्या संघाचे गोलकीपर नव्हते. समोरच्या संघाचेही नव्हते. ते प्रेक्षक होते.

हा किस्सा मी आजवर लग्नात ऐकलाय, तेरवीत ऐकलाय, न्हाव्याच्या खुर्चीत गळ्यावर वस्तरा असताना ऐकलाय. आणि सांगणारा शेवटी माझ्याकडेच बोट दाखवतो! म्हणून आज मीच सांगतो, आणि रागानं सांगतो. हसायचं त्यानं खुशाल हसावं, पण आधी माझी बाजू ऐकावी.

परवा गावातली पोरं परदेशी क्लबांच्या जर्सी घालून पारावर पडली होती. मोबाइलवर मॅच चालू होती आणि हे लोळत बघत होते. (लोळत! फुटबॉल!) त्यातला एक मला म्हणतो, "काका, तुमच्या टायमाले स्टेडियम होतं काय हो?"

"होतं ना बे! चाकावरचं होतं!"

ते दात काढायला लागले. माझं डोकं फिरलं. पण खरंच होतं हो. आमच्या भागात मॅच बघायला माणसं ट्रॅक्टर घेऊन यायची. सकाळीच यायचं, ट्रॉलीची पाठ मैदानाकडे करून ती चुन्याच्या रेषेला लावायची, मागचा फाळका उघडायचा, की झाली गॅलरी. ज्यांच्याकडे ट्रॉली नाही ते दोरीपाशी उकिडवे, त्यांच्यामागे सायकलच्या कॅरियरवर उभे असलेले, आणि उरलेले कडुलिंबाच्या झाडावर. बॉल दोरीजवळ आला की सगळी दोरीच बघ्यांसकट हातभर आत सरकायची. पहिल्या हाफला मोठं असलेलं मैदान दुसऱ्या हाफपर्यंत अंगणाएवढं व्हायचं.

तर त्या वर्षी आमचं गाव पहिल्यांदा फायनलला गेलं. आमचं गाव सोनाळ्याच्या पलीकडचं. त्याआधी आमची टीम सकाळच्या एसटीनं जायची, हरायची आणि दुपारच्या एसटीनं परत यायची. पण त्या साली आमच्याकडे सलीम होता. गाद्या भरणाऱ्या रहीमचाचांचा हा मुलगा माझ्याच वर्गातला. तो उजव्या बाजूनं बॉल घेऊन सुटला की म्हातारेकोतारेसुद्धा बिडी विझवून उभे राहायचे. विजेत्याची ढाल येणार आणि ग्रामपंचायतीत टांगली जाणार, हे गावात ठरूनच गेलं होतं. तिच्यासाठी भिंतीत खिळाही ठोकून झाला होता.

अख्खं घर निघालं. सुरेशकाकानं नवी हायड्रॉलिक ट्रॉली घेतली होती. लोक फावड्यानं माल उतरवायचे, आणि काका नुसता लिव्हर ओढायचा की ट्रॉली पुढून वर उठून माल मागे ओतायची. ट्रॉलीत बसायला मऊ म्हणून कुटाराचा, म्हणजे भुशाचा, जाड थर टाकला, त्यावर सतरंजी. आत्या, काकू, त्यांची लेकरं, शेंगांचं पोतं, पाण्याची कॅन आणि बाबा.

बाबांना फुटबॉलचा भयंकर राग. (राग आमच्यात वाडवडिलांपासून आहे.) वाटभर एकच पालुपद, "गहू सोंगायले मानूस भेटत नाई, अन् इथं धडधाकट पोट्टे रिकामे पयून राह्यले!" मैदानावर पोचल्यावर ते निषेध म्हणून उघड्या फाळक्याच्या अगदी काठावर, मैदानाकडे पाठ करून बसले आणि शेंगा सोलू लागले. आमची ट्रॉली थेट गोलच्या खांबाशेजारी लागली होती. याहून भारी जागा साऱ्या मैदानात नव्हती, आणि तिथे बसून हा माणूस ट्रॉलीचा पत्रा बघत होता!

मला काकानं ट्रॅक्टरच्या सीटवर बसवलं. "परकाश, इंजिन बंद करायचं नाई. सेल्फ गेला हाये. बंद पडला त गावापर्यंत धक्का तूच मारजो."

"बरं. अन् गोल झाला त हॉर्न कसा वाजवू?"

"बटन गेलं हाये. खाली दोन वायरी हायेत, त्या टेकव."

आता मला सांगा, यात माझा काय दोष? सेल्फ गेलेला, हॉर्न गेलेला, आणि सगळ्या ट्रॅक्टरमध्ये धड चालणारी एकच गोष्ट काय, तर हायड्रॉलिक!

मॅच मलकापूरच्या टीमशी होती. दोन्हीकडे शून्य. लाउडस्पीकरवर एक गुरुजी उर्दूत असं काही वर्णन करत होते की मैदानावर धूळ उडत असली तरी ऐकणाऱ्याला बाग दिसावी. पाच मिनिटं उरली. चार उरली. आणि मैदानाच्या मध्यावर बॉल सलीमच्या पायात आला.

मी हॉर्नच्या वायरी शोधायला खाली वाकलो. वाकताना पाय ॲक्सिलरेटरवर पडला आणि मांडी उजवीकडच्या लिव्हरला लागली. मला यातलं काही कळलं नाही, कारण वायरी टेकल्या होत्या, हॉर्न बोंबलत होता आणि मीही बोंबलत होतो.

मागे ट्रॉली हळूहळू वर उठायला लागली.

बरं, कुणी ओरडावं की नाही? नाही! उलट सगळ्यांना एकदम बरं दिसायला लागलं. आत्या म्हणाली, "काय बाई, आता कसं चांगलं दिसून राह्यलं!" काकू म्हणाली, "आमच्या ह्यायनं सोय चांगली केली!" सलीमनं एकाला चकवलं, ट्रॉली आणखी वर. दुसऱ्याला चकवलं, आणखी वर. गोलकीपर पुढे धावत आला आणि आडवा पडला. सलीमनं बॉल मारला. आणि त्याच क्षणी कुटार सुटलं!

आधी पाण्याची कॅन गेली. मग शेंगांचं पोतं. मग सतरंजी, आणि सतरंजीबरोबर आमचं सगळं खानदान. पण सगळ्यांच्या पुढे, पाठमोरे, हातात शेंग धरलेले बाबा. ते गडगडत थेट खांबाच्या बुडाशी गेले, आणि बॉल सण्णकन येऊन त्यांच्या पाठीवर आदळला आणि थांबला.

बाबा उठून बसले. "कोन हाय बे तो? लाथ कोनं मारली मले?"

लाउडस्पीकरवरून आवाज आला, "ट्रॉलीवाले हज़रात से गुज़ारिश है, ट्रॉली नीचे करें!"

मग जे भांडण लागलं! आमचे म्हणाले गोल. रेफरी म्हणाला, "बॉल रेषेच्या आत गेलाच नाही. तुमच्या माणसानं अडवला, मी काय करू?"

आमचा कॅप्टन दिलीप छातीवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, हा मानूस आमचा नाईच!"

बाबा उसळले. "काऊन बे दिल्या? माह्या वावरातला हरभरा उपटून खाल्ला तवा मी तुमचा होतो ना? आता नाई काय?"

झालं! साक्ष मिळाली. रेफरीनं गोल नाकारला आणि बॉल खाली टाकून खेळ पुढे सुरू केला. मॅच बरोबरीत सुटली. पेनल्ट्यांवर आम्ही हरलो. मारण्याआधी प्रत्येकजण आमच्या ट्रॉलीकडे बघून घेत होता. मलकापूरची पोरं हारतुरे घेऊन नाचत आली आणि त्यांनी पहिला हार घातला कुणाच्या गळ्यात? बाबांच्या! "चाचा, आज के सबसे बढ़िया डिफेंडर आप!" बाबांनी तो हार तोडला आणि माझ्या तोंडावर फेकला.

परत येताना बायामाणसांनी ट्रॉलीत बसायला साफ नकार दिला. सगळे एसटीनं गेले. ट्रॉलीत मी एकटा, सुरेशकाका ट्रॅक्टरवर, आणि त्याचा हात वाटभर लिव्हरवर.

तेव्हापासून गावात मला परकाश म्हणणारं सलीमशिवाय कुणी उरलं नाही. मी 'लिव्हर' झालो. माझ्या लग्नात सासरच्यांनी अट घातली की नवरदेवाला ट्रॅक्टरजवळ जाऊ द्यायचं नाही. ग्रामपंचायतीतल्या त्या खिळ्याला पुढे सेक्रेटरी आपली छत्री अडकवायचे. बाबा तर जाईपर्यंत सणावाराला, पंगतीत, पाहुण्यांदेखत म्हणायचे, "याच्यापायी गावाची ढाल गेली." ते मला लागायचं हो. आजही लागतं.

आणि सलीम? सलीम मोठा झाला! ढाल नाही, कप नाही, पण 'न मोजलेला गोल' मात्र त्याच्या नावावर. गेल्या महिन्यात जळगाव जामोदच्या त्याच मैदानावर जुन्या खेळाडूंचा आणि प्रेक्षकांचा मेळावा झाला. सलीमला शाल, सलीमला नारळ, सलीमसाठी लोक उभे. मी प्लास्टिकच्या खुर्चीत धुमसत बसलो होतो.

नंतर मंडपामागे चहा घेताना सलीम माझ्याजवळ सरकला. दाढी पांढरी झालीय त्याची. हळूच म्हणाला, "परकाश, एक सांगू? गुस्सा नको होऊ."

"मी सकाळपासून गुस्स्यातच हाओ. बोल."

"तो बॉल बाहीर चालला होता."

"कोनता बॉल?"

"तोच. खांबाच्या बाहीरून जात होता बे. हातभर बाहीरून. तुहे बाबा मधात आले म्हनून कोनाले दिसलं नाई."

माझ्या हातातला चहा पँटवर सांडला. "मंग इतके वर्स बोलला काऊन नाई?"

"दुसऱ्या रोजी बोलनारच होतो. पन दुसऱ्या रोजी लोकायनं मले खांद्यावर घेतलं ना! खांद्यावरून कसं सांगू?"

तीस वर्षं! तीस वर्षं मी शिव्या खाल्ल्या, आणि हा शाली पांघरतोय! बाबा तर तेच मनात धरून गेले. मी कप फेकला, तरातरा स्टेजवर चढलो आणि निवेदकाच्या हातातला माइक हिसकावला. आज सगळ्यांना सांगणार होतो. समोर सगळं गाव. जर्सीवाली पोरंही होती. त्यातलाच एक ओरडला, "काका, खरं खरं सांगा, जात होता काय बॉल गोलात?"

मी तोंड उघडलं. सलीम मंडपाच्या खांबाला धरून उभा होता, चेहरा शालीपेक्षा पांढरा. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात हिशेब लागला. बॉल बाहेर जात होता, तर सलीमचा गोल गेला. ठीक. पण मग माझं काय गेलं? आज मी गावाची ढाल घालवणारा माणूस आहे. उद्यापासून मी उगाचच, काही कारण नसताना, स्वतःचा बाप मैदानात ओतणारा माणूस होईन!

"गोल होता!" मी माइकमध्ये ओरडलो. "शंभर टक्के गोल होता! म्या घालवला!"

सगळा मंडप उभा राहिला, टाळ्या थांबेनात. एवढ्या वर्षांत त्या मैदानावर माझ्यासाठी पडलेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि त्याही मी न घालवलेल्या गोलसाठी!