शेंदराखालचे शंख

झरी जामणीकडच्या आमच्या तांड्यात देवाला शेंदूर लावायचा मान माझ्या शेजारणीचा, रुपीबाईचा. सासूकडून आलेला. मीठ वाहणाऱ्या आमच्या पूर्वजांचा बैल ज्या दगडापाशी बसला आणि काही केल्या उठेना, तो दगड म्हणजे आमचा बैलबसादेव. तेलात कालवलेला शेंदूर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेला आणि देव असा गुबगुबीत झाला, की खाली दगड आहे हेच आम्ही विसरलो. रुपीबाई मोठी फटकळ. नवरा असो की सरपंच, कुणाची भीडभाड ठेवत नाही. देवापुढं मात्र ती मवाळ होते.

यंदा उन्हाळ्यात देवानं कवच सोडलं. शेंदराची जाड खोळ निखळून खाली आली. असं झालं की खोळ पैनगंगेत सोडायची आणि त्याच दिवशी नवा शेंदूर चढवायचा, ही रीत. रुपीबाईनं उघडा दगड धुतला आणि तिचा हात थबकला. दगडात शंख होते. बोटाच्या पेराएवढे, एकमेकांना चिकटून बसलेले.

तिची मुलगी राखी यवतमाळला जीवशास्त्र शिकते. सुट्टीत आली होती. तिनं तर आईला हाका घालत दगडापुढं बसकणच मारली.

"याडी, हे जित्ते होते! इथं तळं होतं, त्यातल्या गोगलगायी. साडेसहा कोटी वर्सं झाली असतील. सारे जीव असेच बदलत बदलत आले. आपणबी. यांचं अन् आपलं मूळ एकच."

तांड्याचे नायक भीमसिंग भडकले. "पोरीनं देवाची गोगलगाय केली! रुपीबाई, लाव शेंदूर, झाक लवकर."

रुपीबाई वाटी घेऊन बसली, पण हात हलेना. हा देव नसेल, तर रोजची पूजा, पोरं आजारी पडली तेव्हाचे नवस, सारं कुणापुढं केलं? हे तिनंच नंतर मला सांगितलं.

शेवटी ती म्हणाली, "पोथीत चौऱ्यांशी लक्ष योनी सांगतल्या. त्यातलीच ही एक असंल ना?"

मला वाटलं, पोरगी हो म्हणून मोकळी होईल.

"नाही याडी. पोथी जिवाच्या जन्म-मरणाच्या फेऱ्याचं सांगते. हे पिढ्यान्‌पिढ्या शरीर बदलत गेल्याचं हाये. उगाच जुळवू नको."

"बरं, नाही जुळवत." रुपीबाईनं एका शंखावरून बोट फिरवलं, तान्ह्या बाळाच्या गालावरून फिरवावं तसं. "हा जित्ता होता तवा याले कोणी पाह्यलं?"

"माणूसच नव्हता तवा."

रुपीबाई नायकांकडं वळली. "म्हंजे पाया पडणारं कोणी नव्हतं, तरी हा बसून राह्यला! मले वाटे, बैल बसला तवापासूनचा देव हाये. केवढा जुना निघाला वो नायक, माहा देव!"

नायक बघायला म्हणून वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

रुपीबाईनं शेंदूर चढवला, पण शंखांची जागा उघडी ठेवली. तिथं ती रोज तांब्याभर पाणी घालते.

"तळ्यातले होते ना," म्हणते, "तहानले असतील."