नाथाजीचं ॲव्हरेज

कुंडलात कुणाच्या दारात नवी गाडी आली की पेढा तोंडात जायच्या आधी एक प्रश्न येतो. रंग कुणी विचारत नाही, किंमत आडून विचारतात, पण ॲव्हरेज मात्र भर चौकात विचारतात. आणि तो विषय निघाला की नाथाजीचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही.

"नाथाजीची गाडी डिझेल पीत न्हाई, नुसता वास घेती," असं चौकातला चहावाला बाळासो म्हणायचा. नाथाजी वरवर हसून हात झटकायचा, पण चहाचा दुसरा कप त्याच वाक्यासाठी घ्यायचा.

गाडी म्हणजे पांढरी, छोटी, डिझेलवरची हॅचबॅक. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यानं ती घेतली. सुरू केली की तिची तडतड तीन गल्ल्यांत ऐकू जायची. नाथाजी वळणावर असतानाच घरात बायको चहा टाकायची, इतका तो आवाज ओळखीचा. हळू चालवली तर गाडी सुस्तावायची, पण जरा वेग धरून टर्बो लागला की चार माणसं आणि गुळाच्या ढेपा घेऊन चढ अशी ओढायची की मागच्या मोठ्या गाड्या बघत राहाव्यात. चालवायला हलकी, वळायला चपळ, खायला कमी. अशी सून कुठं मिळत नाही, असं नाथाजी म्हणायचा, आणि बायको त्याच्याकडं बघून भांडी जरा जोरात ठेवायची.

फौजेत त्यानं आयुष्यभर ट्रक चालवले. अरुणाचलात, लडाखात, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी अशा रस्त्यांवर. शेवटी नव्या पोरांना शिकवायलाही त्यालाच ठेवलं होतं. इतकी वर्षं सरकारी डिझेल जाळलेल्या माणसाला स्वतःच्या टाकीचा एवढा पुळका का यावा, हे कोडंच. पैशाची ददात नव्हती. पेन्शन होती, ऊस होता. पण गावात परत आल्यावर फौजीला महिनाभर विचारतात, मग कोण विचारतो? ॲव्हरेजमुळं लोक त्याला पुन्हा विचारायला लागले होते.

मग त्याला त्या विद्येचं वेडच लागलं. ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवायचा, जणू खाली अंडं आहे. एसी उन्हाळ्यातसुद्धा बंद. वजन नको म्हणून मागची स्टेपनी काढून माळ्यावर टाकली. चुलत्याची म्हातारी औंधला यमाईच्या दर्शनाला निघाली, तेव्हा तिचं शेंगांचं पोतं बघून म्हणाला, "काकी, तुमी बसा, पोतं एसटीनं येऊ द्या." म्हातारी पोत्यासकट एसटीनं गेली आणि पुढं सहा महिने बोलली नाही. एवढ्यावर थांबला असता तर हसण्यावारी गेलं असतं. पण पुढं पुढं उतार लागला की तो किल्ली मागं फिरवून इंजिनच बंद करायला लागला. गाडी आपल्या वजनानं घरंगळत जायची, डिझेलचा थेंब न जाळता. हे मात्र त्यानं चौकात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नाही, हे त्याला चांगलं कळत होतं.

त्याची एकुलती लेक शिवांजली मेढ्याच्या वर डोंगरातल्या एका गावात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरून झाल्यावर नाथाजी तिला आणायला गेला. विहीणबाई बनुबाई मात्र घुटमळत होत्या.

"पावणं, रस्ता लांबचा हाय. हितं मेढ्यात दवाखाना हाय. पोरीला हितंच ऱ्हाऊ द्या की," त्या म्हणाल्या.

"इहीनबाई, माझ्या हातात गाडी हाय," नाथाजी छाती काढून म्हणाला. "बॉर्डरवर पोरं न्हेली मी. पोटातलं पाणी हालणार न्हाई तिच्या."

लेकराला दृष्ट लागू नये म्हणून बनुबाईंनी सुनेवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

गाव सुटलं आणि लांबलचक उतार लागला. शिवांजलीला डुलकी लागली होती. नाथाजीनं तिच्याकडं पाहिलं आणि हात आपसूक किल्लीकडं गेला. तडतड थांबली. कसं गार वाटलं त्याला. पोरीचीही झोप मोडायची नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. माणसाला चुकीचं करायचं असलं की कारण शेजारीच बसलेलं असतं.

पहिली वळणं नीट गेली. दर वळणाला त्यानं ब्रेक थोडा थोडा दाबला. इंजिन बंद असताना ब्रेक पहिल्या दोन-तीन वेळाच नीट लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. हे नाथाजीनं शेकडो पोरांना शिकवलं होतं. पुढच्या वळणावर रस्ताभर मेंढरं होती. माणदेशातल्या धनगरांचा कळप, चाऱ्याला डोंगरात आलेला. नाथाजीनं ब्रेक दाबला, तो खाली गेलाच नाही. स्टीअरिंग ओढलं, तेही जड. दोन्ही पायांनी पेडल रेटलं, हँडब्रेक उपसला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घातली. बंपर मातीच्या बांधाला घासला, चाक चरीत उतरलं आणि गाडी थांबली. मेंढरं बें बें करत विखुरली. एकाही मेंढराला लागलं नाही. शिवांजली पट्ट्यात अडकून पुढं झेपावली होती, आणि तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं.

"लागलं का गं?" नाथाजीनं विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात वरून एक जीप आली, दोन मोटरसायकली थांबल्या. लोकांनी आत गरोदर बाई बघितली आणि ते कळपाच्या म्हाताऱ्यावर तुटून पडले. कोंडीबा त्याचं नाव. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी.

"रस्ता काय तुज्या बापाचा हाय? आत दोन जिवांची बाई हाय, दिसतंय का?"

"आवाज आला न्हाई हो," कोंडीबा पुन्हा पुन्हा सांगत होता. "गाडीचा आवाज आला की मी मेंढरं कडंला घेतो. जलमभर ह्या रस्त्यानं येतोय. देवाशपथ, आवाजच आला न्हाई."

"बहिरा झालाय म्हातारा," जीपवाला म्हणाला आणि त्यानं कोंडीबाच्या हातातली काठी हिसकून चरीत फेकली.

एवढ्या वेळात एक वाक्य बोलायचं होतं. गाडी बंद होती, म्हणून आवाज आला नाही. एवढंच. नाथाजी खाली उतरला आणि घासलेला बंपर बघू लागला. कोंडीबा त्याच्यापुढं आला, हात जोडले आणि म्हणाला, "चुकलं माझं, सायेब. आता कान लागत नसतील माझं."

"असू दे," नाथाजी म्हणाला. म्हणजे त्यानं माफी स्वीकारली. त्या दोन शब्दांची लाज त्याला पुढं वाटलेल्या सगळ्या लाजेपेक्षा जास्त वाटली.

लोकांनी गाडी ढकलून वर काढली. नाथाजी आत बसला, तेव्हा शिवांजली किल्लीकडं बघत होती. किल्ली मागं फिरवलेली होती. ह्याच पोरीला त्यानं तोडणी झालेल्या उसाच्या रानात गाडी शिकवली होती, आणि पहिल्या दिवशी पहिली गोष्ट सांगितली होती की उताराला गाडी गिअरमध्येच ठेवायची; जो उताराला गाडी मोकळी सोडतो, तो ड्रायव्हर न्हवं, मुडद्यांचा वाहतूकदार. बापाची चारचौघांत शोभा करायची तिची रीत नव्हती. गाडी सुरू झाली तशी तिनं उजवा हात पुढं केला आणि किल्लीवर ठेवला. उतार संपून सपाटी लागेपर्यंत तो तिथंच होता.

साताऱ्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळाचे ठोके ऐकवले, काळजी नको म्हणाल्या. दवाखान्याच्या पायरीवर बनुबाईंचा फोन आला.

"पावणं, कुठवर आला? नीट हाय न्हवं पोरगी?"

"साताऱ्यात हाय. निवांत झोपून आली की," नाथाजी म्हणाला. शिवांजली शेजारीच उभी होती. तिनं तोंड फिरवलं.

घरी त्यानं मेंढरं आडवी आली, एवढंच सांगितलं. उरलेलं गावानं जोडलं. दोन दिवसांत चौकात त्याची कीर्ती झाली. एवढ्या उतारावर ब्रेक गेलेली गाडी डोंगराला लावली, मेंढरू मेलं नाही, लेकीला ओरखडा नाही. म्हणून म्हणतात, फौजी तो फौजी. बाळासोनं चहाचे पैसे घेतले नाहीत. नाथाजीनं तो चहा प्याला, आणि घरापर्यंत तोंडाची कडू चव गेली नाही.

शेजारच्या बाया शिवांजलीला भेटायला आल्या. "बा होता म्हणून वाचलीस गं," त्यातली एक म्हणाली. शिवांजली उठून आत गेली. नाथाजी दारात चपला काढत होता. त्यानं त्या परत घातल्या.

थोड्या वेळानं तोच आत गेला. लेक खिडकीशी बसली होती.

"उद्या मेढ्याकडं जाऊन येतो," तो म्हणाला.

"त्या म्हाताऱ्याकडं?"

"व्हय. मग तुज्या सासूकडं."

"बरं," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली होती. "आणि पप्पा, स्टेपनी गाडीत टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळीच नाथाजी निघाला. डोंगर लागला तशी गाडी तडतडत चढ चढू लागली. कोंडीबाला कुठं शोधायचं, काय म्हणायचं, हे तो मनात जुळवत होता. लोकांना विचारावं लागेल, दिवस जाईल, असं त्याला वाटत होतं. कदाचित कळप पुढं गेलेला असेल, असंही वाटत होतं, आणि त्या विचारानं त्याला जरा बरं वाटत होतं, हे खोटं नाही.

पण त्याच वळणाच्या थोडं वर त्याला कळप दिसला. सगळी मेंढरं आधीच डोंगराच्या कडेला दाटीनं घेतलेली. अख्खा रस्ता मोकळा. आणि कोंडीबा चरीत उतरून, गाडी ओळखून, हात जोडून उभा.

नाथाजीनं गाडी थांबवली. तो खाली उतरायच्या आत कोंडीबा म्हणाला, "आज आवाज आला, सायेब. लांबनंच आला. बघा, सगळी कडंला घेतल्यात."

नाथाजीनं म्हाताऱ्याचे जोडलेले हात धरले आणि खाली केले.

"बाबा, तुमचं कान चांगलं हायती," तो म्हणाला. "त्या दिवशी गाडी बंद हुती. मीच केलती बंद. आवाज कुठनं येणार?"

कोंडीबाला कळलं नाही. "बंद हुती? मग चालत कशी हुती?"

"उताराला आपोआप पळती. डिझेल वाचतं."

"आन् मग थांबली का न्हाई?"

"बंद असली की ब्रेक लागत न्हाई."

"हे तुमाला ठावं हुतं?"

"हुतं."

कोंडीबा बराच वेळ गाडीकडं बघत राहिला. बांधाला घासलेल्या बंपरकडं, मग डाव्या बाजूच्या मोकळ्या सीटकडं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. एखादी गोष्ट काही केल्या समजत नसली की माणूस जसा बघतो, तसा तो नाथाजीकडं वळला.

"पर सायेब," त्यानं विचारलं, "आत तुमची पोरगी हुती न्हवं?"

वर डोंगरात बनुबाईंचं घर दिसत होतं, आणि तिथंही नाथाजीला हेच विचारणार होते.